अठ्ठावन्न किलोंचा वैमानिक

आमच्या यांच्या तुकडीतले जुने लोक मिळून एक स्मरणपुस्तक काढताहेत. त्यात काडीवर लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी एकतीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला. संपादकांनी आधी एक चौकशी करायला हवी होती, ती केली नाही. मी या माणसावर जळते. आजकालची नाही, गेली अडतीस वर्षं.

काडी म्हणजे यांचा जुना सहवैमानिक. निवृत्तीनंतर आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला आला. अंगाने खरोखरच काडी. शर्ट हँगरवर टांगल्यासारखा दिसतो. दुपारी दारात स्टूल टाकून कुणाचा तरी पंखा उघडून बसलेला असतो. स्क्रू बशीत ओळीने मांडतो आणि मध्येच कुणी बोललं तर नुसता हात वर करून थांबवतो. कामाचे पैसे घेत नाही, उपकाराची भाषा करत नाही. नावं ठेवायला जागाच ठेवत नाही, हा त्याचा मला होणारा सर्वांत मोठा त्रास.

त्याचं शौर्यपदक दिवाणखान्यात, दार उघडताच समोर दिसेल असं लावलंय. चौकट त्याच्या बायकोने करून घेतली. विरजण मागायला आलेल्या माणसालाही ती पदकासमोरच्या खुर्चीत बसवते. आमच्याकडे त्या भिंतीवर घड्याळ आहे. वेळ बरोबर दाखवतं.

आता तो दिवस. लढाई सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. डोंगरमाथ्यावरच्या ठाण्यातून एका जखमीला आणायला दोघे निघाले. कॅप्टन आमचे हे, काडी शेजारच्या सीटवर. हेलिकॉप्टर लहान, त्यात तिथली हवा विरळ, म्हणून ते जेमतेम वजन उचलायचं. दारंसुद्धा काढून ठेवली होती आणि इंधन जाण्यायेण्यापुरतंच घेतलं होतं. उतरून बघतात तर जखमी दोन. एकाच्या पोटात तोफगोळ्याचा तुकडा, दुसऱ्याची मांडी फाटलेली. मलमपट्टी करणारा जवान म्हणाला, दोघांपैकी कुणीही तासभर काढणार नाही.

दोन वैमानिक आणि दोन जखमी घेऊन ते यंत्र उठणं शक्य नव्हतं. दुसरा जखमी बूट-कपड्यांसकट सत्तर किलोंचा. काडी अठ्ठावन्न, तो उतरून भागलं नसतं. हे त्र्याऐंशी, त्यातले पाच तरी माझ्या हातचे, कारण आदल्याच महिन्यात सुट्टीवर येऊन गेले होते. हे उतरले. त्या उंचीवर एकट्याने उडवायला मनाई असताना काडीने दोघा जखमींना घेऊन ते उचललं. मागून वारा, पुढे दरी. यंत्र आधी दगडासारखं खाली गेलं, मग सावरलं. दोघेही जगले.

हे मात्र तोफांच्या माऱ्यात वरच. काडी तळावर पोचला तेव्हा ढग खाली उतरायला लागले होते. वरिष्ठांनी बजावलं, आता कुणीही जायचं नाही, उद्या बघू. काडीने इंधन भरलं आणि गेला. तोवर उतरायची जागा गोळ्यांनी उखडली होती. त्याने हेलिकॉप्टरचा एक पाय खडकाला टेकवला, दुसरा अधांतरी ठेवून ते तसंच तोलून धरलं, आणि हे आत चढले.

काडीला पदक मिळालं. पेपरात त्याचा फोटो छान आला होता, त्यामुळे हुकूम मोडल्याचं कुणाला आठवलं नाही. यांच्या फायलीत शेरा पडला: कॅप्टनने आपलं हेलिकॉप्टर सोडलं. बढती अडली ती कायमची. ज्याच्यामुळे मी विधवा झाले नाही त्याच्यावरच जळणं अवघड असतं, पण सवयीने जमतं.

तर आता लेखणी माझ्या हातात होती. मी काडीला चार ओळींत उरकलं आणि पुढे दोन पानं कॅप्टनच्या महान त्यागावर लिहिली. यांना वाचून दाखवली. हे नखं कापत होते. म्हणाले, त्याग खोड. मी म्हटलं, अडतीस वर्षं तो शेरा गिळलात, आता खरं छापून येतंय तर का नको? हे म्हणाले, वर जा आणि त्याला विचार.

गेले. बायकोने पदकासमोर बसवलं. काडीने शांतपणे सांगितलं की तो शेरा काढावा म्हणून त्याने कचेरीला दोनदा लिहिलं होतं. फाईल बंद झाली, असं उत्तर आलं. यांना त्यातलं काही माहीत नव्हतं. म्हणजे तिथेही हा माझ्या आधी पोचलेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिरसटपणे विचारलं, दुसऱ्यांदा जाताना भीती नाही वाटली?

"वाटली ना, वहिनी. पहिल्या खेपेला विचार करायला वेळच नव्हता. दुसऱ्या वेळी मनात आलं, सर वरच राहिले तर तुम्हाला सांगायला कोण जाणार? मलाच पाठवतील. त्यापेक्षा तोफा बऱ्या."

त्याची बायको पोट धरून हसली. मी हसले नाही. जिन्यात थोडं हसले.

खाली आले तेव्हा यांची नखं संपली होती.

"समज, मी अठ्ठावन्नचा असतो आणि तो त्र्याऐंशीचा," हे म्हणाले. "पदक आपल्याकडे आलं असतं. तो उतरला होता हे तू कुठे लिहिलं असतंस?"

"लिहिलं असतं."

यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"नसतं लिहिलं," मी म्हटलं. "चौकट करून घेतली असती."

"तिच्यापेक्षा मोठी," हे म्हणाले आणि नखं गोळा करून उठले.

ती दोन पानं मी फाडली आणि हे लिहायला बसले. त्याग खोडला आहे. कॅप्टन जड होता म्हणून उतरला, काडी हलका होता म्हणून त्याने उड्डाण केलं. मनाई असताना तो परत गेला, त्याला मात्र वजनाचं कारण नव्हतं. संपादकांनी एवढं छापावं. माझा जळण्याचा भाग कापायचा असेल तर खुशाल कापावा, फक्त मग लेखाखाली माझं नाव घालू नये.