कौसल्या सिस्टरची गिटार

कौसल्या सिस्टर नव्या माणसाचे आधी हात बघायच्या. मी अनसिंगच्या शाळेत रुजू होऊन त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायला आले, तेव्हा नाव विचारायच्या आधी त्यांनी माझा हात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "मास्तरीणबाई, नखं कापत जा. खडू आत जाऊन बसते." चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर साल असेल. सिस्टर मूळच्या रिठदच्या, बौद्ध कुटुंबातल्या, आणि सरकारी दवाखान्यात नर्स. पेशंट बोलत असतानाच डॉक्टर चिठ्ठी लिहायला लागले, की त्या शांतपणे म्हणायच्या, "साहेब, त्याचं सांगनं संपलं नाई अजून." डॉक्टर पेन खाली ठेवत.

त्यांच्या खोलीत भिंतीवर एक गिटार टांगलेली होती. धाकटा भाऊ नागपूरला ऑर्केस्ट्रात वाजवायचा. तो काविळीनं गेला आणि त्याच्या सामानातून एवढी एकच वस्तू घरी आली. सुट्टीत आला असताना त्यानंच बहिणीला थोडंफार शिकवलं होतं. रविवारी डोक्यावरून आंघोळ झाली की केस मोकळे सोडून सिस्टर तासभर ती वाजवत बसायच्या.

त्याच वर्षी त्यांच्या आईला लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सिस्टरनी तिला रिठदहून आपल्याकडे आणलं. म्हातारीच्या तोंडून शब्द फुटत नसे, पण चाल तेवढी शाबूत राहिली होती. शेतात निंदायला जाताना ती स्वतः जोडलेलं एक गाणं म्हणायची. त्याच गाण्याची चाल आता दिवसभर गुणगुणायची. एका रविवारी सिस्टरनी गिटारीवर तिला साथ द्यायला सुरुवात केली. म्हातारीचा चेहरा उजळला. पण एका जागी येताच ती थांबली, मान हलवली. पुन्हा सुरुवात, पुन्हा त्याच जागी मान. तिसऱ्यांदा तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

आठवडाभर हेच चाललं. गिटारीच्या दांड्यावर सूर ठरवून देणाऱ्या आडव्या पितळी पट्ट्या असतात, त्यांतल्या एका पट्टीवर सूर चढा लागे, अलीकडच्या पट्टीवर उतरलेला. तार ओढून पाहिली, तेही म्हातारीला पटेना. मी म्हटलं, आईंचाच सूर ढळत असेल, वय झालंय.

"मायचा सूर या दोन पट्ट्यांच्या मधात हाये," सिस्टर म्हणाल्या. "ती आपल्या जागेवरच हाये. तिले कशी म्हनू, सरक म्हनून?"

पट्ट्या काढून टाकायचं त्यांनी ठरवलं तेव्हा मीच घाबरले. भावाची एवढी एकच खूण, बिघडली तर काय, असं मी परोपरीनं सांगितलं.

"तो गेला," त्या म्हणाल्या. "माय हाये न अजून."

स्टोव्हवर उलथण्याची कड तापवून त्या एकेका पट्टीवर टेकवायच्या, आणि लाकूड सैल झालं की पकडीनं ती हळूच उपटायच्या, टाके काढावेत तशा. दोन-तीन ठिकाणी ढलप्या निघाल्या. त्या सरसानं परत चिकटवल्या. उरलेल्या खाचा बुजवायला पातळ, चिवट काहीतरी हवं होतं. बाबुराव नावाच्या पेशंटनं मोडक्या पायाचे जुने एक्स-रे दवाखान्यात टाकून दिले होते. सिस्टरनी त्याला घरी जाऊन विचारलं, मगच त्यांना कात्री लावली. एकेका खाचेत एक्स-रेच्या कापलेल्या तीन-तीन पट्ट्या बसल्या. नंतर काचकागदानं सगळं गुळगुळीत केलं. पॉलिशला स्पिरिट लागणार होतं. दवाखान्यात बाटल्या भरलेल्या होत्या, पण त्यातला थेंबही त्यांनी घेतला नाही. शेलूबाजारला जाऊन विकत आणलं. "ते इंजेक्शनचं हाये," एवढंच म्हणाल्या.

तारा चढवून पहिल्यांदा वाजवली तेव्हा जे निघालं, ते ऐकून मला रडू आलं. बोट ठेवावं तिथे भलताच सूर. सिस्टर म्हणाल्या, "आता मलेच शोधा लागन." दोन महिने त्या शोधत राहिल्या. बोटांच्या टोकांना घट्टे पडले. ओट्यावर बसून वह्या तपासताना एकच ओळ शंभरदा चुकलेली मला ऐकू यायची, आणि आतून म्हातारीचा नकाराचा हुंकार.

मग एका दुपारी मान हलली नाही. त्या जागेवर सिस्टरचं बोट तारेवरून किंचित मागे सरकलं आणि दोघींचा सूर असा मिसळला, की वेगळा ऐकू येईना. गाणं शेवटापर्यंत गेलं. म्हातारीनं डाव्या हातानं लेकीचं मनगट धरलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. त्या दुपारी ते तीनदा झालं. दारात उभी राहून मी ऐकत होते. आत जायचं धाडस झालं नाही.

म्हातारी पुढच्या उन्हाळ्यात गेली. पावसाळा संपता संपता सिस्टरची बदली झाली. निरोप द्यायला मी जीपपर्यंत गेले. ट्रंक, वळकटी टपावर चढली. गिटार मात्र त्यांनी मांडीवर आडवी घेतली. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी विचारलं, आता एखाद्या कारागिराकडून पट्ट्या परत बसवून घ्याल का?

त्यांनी तारांवर तळहात ठेवला.

"आता कायले?" त्या म्हणाल्या. "मलेई आता मायसारखंच आयकू येते."