ठकूबाईच्या मासवडीचा आहेर

डिंगोऱ्याच्या ठकूबाईनं जेवू घातल्याचे पैसे जन्मात कधी घेतले नव्हते. आणि नेमकं तेच काम तिनं हट्टानं अंगावर घेतलं.

सीमेवर लढाई पेटली होती. तिचा फौजी मुलगा संपत तिकडंच होता आणि चार दिवस त्याचा फोन नव्हता. घरात बसून तिचा जीव थाऱ्यावर राहीना. जखमी जवानांसाठी गावानं मदत पाठवायचं ठरवलं तेव्हा सरपंच भगवंत म्हणाला, "घरटी वर्गणी काढू."

"वर्गणी म्हणलं की लोकं तोंड लपवत्यात," ठकूबाई म्हणाली. "मी मासवडी करते. ताटं इकू."

तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेली तिची बेसनाची वडी आणि वर झणझणीत रस्सा, पंचक्रोशीत त्याला तोड नव्हती. भगवंत लगेच राजी झाला.

रविवारी देवळापुढच्या मांडवात पंगत बसली. सून आरती पैशांचा डबा घेऊन तयार होती. पण पहिलंच गिऱ्हाईक निघालं येडगावच्या नणंदेचा नातू.

"पावण्याकडून पैसं घेती व्हय?" ठकूबाई आरतीवर डाफरली. "ठेव तो डबा खाली."

दुसरा निघाला व्याह्यांच्या भावकीतला, तिसरा संपतचा शाळासोबती. चौथ्याशी नातं सापडेना, तर त्याच्या बायकोचं माहेर विचारून तिनं ते काढलंच. दुपारपर्यंत दीडशे माणसं बोटं चाटत उठली आणि डब्यात दमडी नव्हती.

भगवंतानं कपाळाला हात लावला. "काकू, आता जवानांना रिकामा डबा पाठवायचा का?"

ठकूबाई वरमली, पण घटकाभरच. "भगवंता, माईक लाव. जेवणाचं पैसं न्हाई घ्यायचं. लग्नात पुकारतो तसा आहेर पुकार, जवानांच्या नावानं."

मग काय विचारता! एकाचे पाचशे पुकारले गेले, तसा त्याचा चुलता हजार घेऊन उठला. भावकी-भावकीत चढाओढ लागली. जेवून घरी गेलेले धावत परत आले, कारण माईकवर आपलंच नाव आलं नाही तर गावात तोंड कसं दाखवायचं? डबा भरला, मग रश्श्याचं धुतलेलं पातेलंही भरलं. ठकूबाईला इतका आनंद झाला की पळी हातात घेऊनच तिनं फुगडीचा फेर धरला.

"काकू, आहेर तर लई झाला," भगवंतानं माईकवरूनच थट्टा केली. "आता परतीचा आहेर कोण करणार?"

ठकूबाई हसत हसत माईकपाशी आली. "संपत आन त्याच्यासंगची समदी पोरं धडधाकट घरी येऊ द्या," ती म्हणाली. "आमाला परतीचा आहेर पोचला."

यादीतलं पुढचं नाव भगवंताला काही केल्या वाचता येईना.