निशिगंधाची उपाशीपोटीची गोळी

निशिगंधा आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहते. सिंगापुरात, सेंगकांगला आम्ही तिच्या आधीपासून आहोत, वयानेही मी मोठी, म्हणून ती मला शैलाताई म्हणते. एका बँकेच्या आयटीमध्ये ती टेस्टिंगची मॅनेजर आहे. नवरा अभय युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक आणि मुलगी ऋता पहिलीत. तिघंही पुण्याची, पण ऋता नावापुरतीच.

पहिल्यांदा भेटली तेव्हा मला तिचा रागच आला होता. बाईला बसणं म्हणून ठाऊक नव्हतं. माझ्याकडे चहाला आली की बोलता बोलता माझीच भांडी घासून ठेवायची, आणि ती मी घासते त्यापेक्षा स्वच्छ. मंडळाच्या गणपतीला आम्ही चौघी मिळून जेवढे मोदक वळायचो तेवढे ती एकटी वळायची, वर आमच्या कळ्या कशा चुकल्यात तेही सांगायची. पुलाउ उबीन बेटावर सगळे सायकली घेऊन गेलो, तर आम्ही धापा टाकत पोचेपर्यंत हिचं नारळपाणी पिऊन झालेलं. ऑफिसात एकामागून एक बढत्या. खायची दाबून आणि दिवसेंदिवस बारीक होत चाललेली. आम्ही बायका आपापल्या पोटांकडे बघून म्हणायचो, काय नशीब घेऊन आलीय.

नशीब कसलं डोंबलाचं. एकदा कप उचलताना तिचा हात इतका थरथरला की चहा बशीत सांडला. मग एमआरटीच्या गाडीत उभ्या उभ्या छाती धडधडायला लागली. तपासण्या झाल्या आणि कळलं, थायरॉईड गरजेपेक्षा कितीतरी जास्त काम करत होती. गोळ्यांनी काही दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. शेवटी डॉक्टरांनी थायरॉईडला लगाम घालायला रेडिओअ‍ॅक्टिव्ह आयोडीन द्यायचं ठरवलं.

मला वाटलं होतं मोठी यंत्रंबिंत्रं असतील. एक कॅप्सूल गिळायची आणि घरी यायचं, एवढंच. पण घरी आल्यावर काही दिवस मुलीजवळ जायचं नाही, वेगळ्या खोलीत झोपायचं, कपडे वेगळे, ताटवाटी वेगळी. माझ्या आजीच्या काळी बायका बाजूला बसायच्या तसंच सगळं, फक्त इथे बाजूला बसवणारा डॉक्टर होता. ऋता माझ्याकडे राहिली. "आई ओके लह, जस्ट रेडिओअ‍ॅक्टिव्ह," असं तिने इथल्या पोरांच्या बोलीत माझ्या नवऱ्याला समजावून सांगितलं.

त्या दिवसांत एक चमत्कार घडला. ज्या अभयला साखरेचा डबा कुठे असतो हे माहीत नव्हतं, तो चहा करायला शिकला. आलं ठेचून, भरपूर दूध घालून, पुणेरी. बायकोच्या दाराशी कप ठेवायचा आणि लांब जाऊन उभा राहायचा. दिवस पाळून झाले, ऋता घरी गेली, तरी त्याने चहा सोडला नाही. निशिगंधा उठायच्या आत कप तिच्या उशाशी. मी त्याचं कौतुक करत होते. आमच्या घरी हा चमत्कार अजून व्हायचा आहे.

आता सगळं सुरळीत होणार असं आम्ही धरून चाललो होतो. दोनेक महिन्यांत निशिगंधा मंदावली. थायरॉईड आता कामच करेनाशी झाली होती. तसं होतं, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्यावर रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यायची. ती घ्यायची. तरी सुधारणा नाही. डॉक्टर दर वेळी विचारायचे, उपाशीपोटी घेता ना? ही प्रामाणिकपणे हो म्हणायची. डोस वाढायचा, आणि ही तशीच.

तिला बघून मला काही सुचेनासं व्हायचं. चेहरा सुजलेला, भर उन्हात अंगात स्वेटर. फोडणीत मोहरी टाकायची आणि पुढे काय घालायचं ते आठवत उभी राहायची. आमची एलआरटीची छोटी गाडी गोल फिरून परत त्याच स्टेशनवर येते. एकदा ही त्यात बसली आणि तशीच फिरत राहिली. "उतरायचं कुठे ते माहीत होतं, शैलाताई," ती मला म्हणाली, "पण उठायचं कशाला ते कळेना."

मग एके दिवशी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मी राजीनामा देतेय."

"का?"

"त्या बढत्या माझ्या नाहीत. ते काम मी केलंच नव्हतं. आजाराने केलं होतं. आता आजार गेला आणि खालून ही अशी मी निघाले."

मी तिला चांगलंच झापलं. अभयची पोस्टडॉकची मुदत संपत आली होती, यापुढे तिघांचं इथलं राहणं हिच्या नोकरीवर मिळणाऱ्या परवान्यावर होतं, ऋताची शाळा इथली. हे सगळं तिला माहीत होतं. ती शांतपणे ऐकून घेत राहिली. तिने भांडावं म्हणून मी बोलत होते, आणि ती भांडेना याचीच मला भीती वाटली. मोदकांच्या कळ्यांवरून टोचून बोलणारी ती बाई मला परत हवी होती. पण ती बाईच आजारी होती, मग मला नेमकी कोण हवी होती?

राजीनाम्याआधी एकदा डॉक्टरांना भेट, एवढं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं. या वेळी अभय सोबत गेला. डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, उपाशीपोटी घेता ना? निशिगंधा हो म्हणाली. आपण बायकोचं किती करतो हे कुठेतरी कळावं असं अभयला वाटलं असणार. तो अभिमानाने म्हणाला, "रोज मी स्वतः देतो, डॉक्टर. चहाबरोबर."

डॉक्टर लिहायचे थांबले. कसला चहा, किती दूध, सगळं विचारून घेतलं. गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर तासभर पोटात काही जाऊ द्यायचं नाही. दुधाने ती अंगी लागत नाही. अभयचं तोंड एवढंसं झालं. निशिगंधा म्हणाली, "पण चहा म्हणजे खाणं नाही." डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. त्यांना कसं समजणार? आम्ही चहा घेऊन संकष्टीचा उपास करणारी माणसं. उपाशीपोटी म्हणजे चहावर, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. मी कित्येकदा तिला त्या चहाबरोबर गोळी घेताना बघितलं होतं आणि मलाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

चहा गोळीनंतर तासाभराने मिळायला लागला आणि गोळी लागू पडली. हळूहळू चेहऱ्याची सूज उतरली, स्वेटर कपाटात गेला. रजा संपवून ती पुन्हा ऑफिसला जाऊ लागली. मध्यंतरी आम्ही बेडोकच्या बाजारात गेलो, तर भाजीवाल्याशी तिने चांगली हुज्जत घातली. मी मनातल्या मनात हात जोडले. पण घरी आल्यावर ती माझ्याकडे बसली, चहा प्यायली आणि भांड्यांकडे तिने बघितलंही नाही. ही बरी झाली म्हणायची की नाही, मला ठरवता येईना.

त्याच आठवड्यात तिचा बॉस म्हणाला, तू परत आलीस, आता मोठा प्रोजेक्ट तुझ्याकडेच. ती संध्याकाळी खाली आली, मागोमाग अभय. राजीनाम्याचा विचार तिने सोडलेला नव्हता.

"तो कुणाला परत बोलावतोय तेच मला कळत नाही," ती म्हणाली. "शैलाताई, खरं सांगा, आजाराच्या आधी मी कशी होते?"

 ती सिंगापूरला आली तेव्हाच तिचा आजार सुरू झालेला असणार. आधीची निशिगंधा मी पाहिलेलीच नव्हती. आमच्यापैकी कुणीच नव्हती पाहिलेली.

तिने अभयकडे बघितलं. "तू सांग. लग्न झालं तेव्हा मी कशी होते? अशी होते की तशी?"

अभय काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेईल असं मला वाटलं.

"मला आठवत नाही," तो म्हणाला. "घर चालत होतं. तू ते कसं चालवतेस ते मी कधी बघितलंच नाही. तू आजारी पडलीस तेव्हा बघायला लागलो."

 मला अभयचा संताप आला आणि त्याच वेळी त्याची कीवही आली. निशिगंधा रडेल असं वाटलं. ती रडली नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली, आणि मग सावकाश उठली.

"उद्या बॉसला हो म्हणून सांगते," ती म्हणाली. "नोकरी सोडायची तर ती नेमकं कोण सोडतंय, ते मला आधी कळायला हवं."