आठ अक्षरं आणि एक टँकर

“कविता असंल तर हॉल नाय,” सोनवणे साहेब म्हणाले आणि चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

सोनवणे साहेब म्हणजे बिल्डर. मूळचे देवगाव रंगारीचे. बीड बायपासच्या पलीकडे, जिथे काही वर्षांपूर्वी बाजरी डोलायची, तिथे त्यांनी चार इमारतींची सोसायटी उभी केली होती. लोक राहायला आले आणि त्यांच्या पाठोपाठ दुष्काळही आला. बोअर आटले, सोसायटी टँकरवर आली. पाणी जपून वापरा असं सांगून सांगून साहेबांचा घसा बसला होता. म्हणून सोसायटीच्या वाढदिवसाला त्यांना पाण्यावरचं नाटक हवं होतं.

मला हवा होता त्यांचा कम्युनिटी हॉल. आमच्या ग्रुपच्या तालमी पूर्वी एका शाळेत चालायच्या. शहर वाढलं, मुलं वाढली, शाळेने आमच्या जागेत वर्ग भरवले. तेव्हापासून आम्ही कधी गच्चीवर, कधी पार्किंगमध्ये तालीम करायचो आणि दर वेळी कुणीतरी येऊन हाकलायचं. निम्मे नट कंटाळून गेले होते, उरलेले जायच्या बेतात होते. जागा मिळाली नाही तर ग्रुप बंद पडणार, हे मला स्वच्छ दिसत होतं आणि त्याने झोप उडाली होती. साहेबांचा सौदा सरळ होता. नाटकाला लोक शेवटपर्यंत थांबले, तर रोज संध्याकाळी हॉल आमचा.

अडचण एवढीच की मी पद्यनाटकं लिहितो. आयुष्यभर तेच केलं. पद्यनाटक म्हणजे संगीत नाटक नव्हे. त्यात कुणी गात नाही. पात्रं तुमच्याआमच्यासारखी बोलतात, फक्त त्या बोलण्याला आतून ठेका असतो. हे मी साहेबांना समजावून सांगितलं. त्यांनी माझं एक नाटक पाहिलेलं होतं. मध्यंतरात ते वडापाव खायला बाहेर गेले ते परत आलेच नव्हते, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

मी कबूल होऊन घरी आलो आणि गद्य लिहायला बसलो. जमेना. गद्य लिहायला घेतलं की माझी पात्रं आकाशवाणीवरच्या बातम्या देऊ लागतात. शेवटी मी हाताला येईल तसं लिहिलं. आठ अक्षरांची एक ओळ, मग पुन्हा आठ. ओवीचा जुना हिशोब. एक जागा सोडून यमकं तेवढी काढून टाकली, कारण यमक लगेच पकडलं जातं. मग सगळ्या ओळी एकमेकींना जोडून पॅरेग्राफ केले आणि साहेबांना स्क्रिप्ट नेऊन दिली.

“आता कसं,” ते वाचून म्हणाले. “असं सरळ लिव्हत जा की राव.”

नटांनाही मी काही बोललो नाही. त्याला कारण धंद्यातलं आहे. कागदावर तुटक ओळी दिसल्या की नट शेवटचा शब्द लांबवतो आणि छताकडे बघतो. पॅरेग्राफ दिसला की माणसासारखा बोलतो. पहिल्या तालमीत सगळे इतके झकास बोलले की मी स्वतःवरच खूश झालो.

दुसऱ्या तालमीत रफिकने माझी खुशी उतरवली. रफिक वाळूजच्या कंपनीत सुपरवायझर, नाटकात टँकरचा ड्रायव्हर. त्याचं वाक्य होतं, “टँकर आधी येतो का, आधी येते त्याची हाक?” तो म्हणायचा, “म्हणजे बघा, टँकर आधी येतो का यार, का त्याची हाक आधी येते?” मी म्हणालो, शब्द हलवू नकोस.

“सर, गद्यच आहे ना? एक शब्द इकडे तिकडे, क्या फरक पडता?”

त्याचं बरोबर होतं.

चहाच्या वेळी सुजाता वाघमारे शेजारी येऊन बसली. ती बँकेत ऑफिसर, नाटकात पाण्याच्या रांगेतली बाई. तिचे वडील जलशात गायचे. आंबेडकरी जलसा ऐकत वाढलेली मुलगी, तिला मी कुठवर फसवणार होतो?

“सर, हे आठ-आठाचं चाललंय ना?” तिने हळूच विचारलं. मी मान डोलावली. कुणाला सांगू नको म्हणालो.

तिने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून नाटकासाठी आणलेली प्लॅस्टिकची बादली मांडीवर उलटी घेऊन ती रफिकच्या बोलण्याखाली बोटांनी ठेका धरू लागली. ठेका इतका हलका की रफिकला वाटलं, ती भूमिकेत रमली आहे. पण त्याचे “म्हणजे” आणि “यार” त्या ठेक्यात मावेनात आणि एकेक करून गळून पडले. दिग्दर्शनाची तीस वर्षं झाली, एवढी साधी युक्ती मला कधी सुचली नव्हती.

प्रयोग सोसायटीच्या मोकळ्या जागेत होता. खुर्च्या भरल्या. साहेब पुढच्या रांगेत. निम्मं नाटक छान झालं आणि गेटवर हॉर्न वाजला. सकाळी यायचा टँकर आत्ता आला होता.

खुर्च्या रिकाम्या व्हायला मिनिटही लागलं नाही. लोक ड्रम, कॅन, हंडे घेऊन पळाले. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. हॉल गेला, ग्रुप गेला, असं मी मनाशी म्हणून टाकलं आणि खरं सांगतो, मला रडू येत होतं.

तेवढ्यात सुजाता बादली घेऊन स्टेजवरून उतरली आणि सरळ टँकरच्या रांगेत जाऊन उभी राहिली. बादलीवर ठेका धरून तिने पुढचं वाक्य बोलायला सुरुवात केली. रफिक तिच्यामागून धावला. खऱ्या ड्रायव्हरशेजारी उभं राहून आमच्या ड्रायव्हरने आपलं भाषण केलं. खरा ड्रायव्हर मान हलवत होता. रांगेतल्या बायका रिकाम्या हंड्यांवर ठेका देऊ लागल्या. मग ती जागा आली, जिथे मला यमकाचा मोह आवरला नव्हता.

“नळ आहे, तोटी आहे, पाणी तेवढं यायचं,” सुजाता म्हणाली. “फ्लॅट आहे, गेट आहे, गाव तेवढं व्हायचं.”

रांग हसली. कुणीतरी तेच पुन्हा म्हटलं, मग सगळ्यांनी. पाणी भरून झालं तरी कुणी घरी गेलं नाही. लोक ड्रमवर झाकणं ठेवून त्यांवरच बसले आणि नाटक संपेपर्यंत बसून राहिले. साहेब एका आजींचा कॅन धरून शेवटपर्यंत उभेच होते.

आठवड्याने त्यांनी बोलावलं. चेहरा गंभीर होता. वॉचमन ते वाक्य म्हणतो, म्हणाले. जिन्यातली पोरं म्हणतात. काल फ्लॅट बघायला आलेल्या गिऱ्हाइकासमोर म्हणाली. आणि आज दाढी करताना ते स्वतःच म्हणत होते.

“गद्य असं तोंडात बसत नाय,” ते म्हणाले. “खरं सांगा. कविता हाय ना?”

“हो,” मी म्हणालो. “पहिल्यापासून शेवटपर्यंत.”

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “ते गेटाचं तेवढं काढता येतंय का?”

“ते काढलं तर बाकीचं लंगडतं.”

“मंग ऱ्हाऊ द्या,” म्हणाले आणि हॉलची किल्ली टेबलावर ठेवली.

पहिल्या तालमीला गेलो तर हॉलच्या दारावर त्यांनी स्वतः लिहिलेली पाटी होती. “दिवे पंखे बंद करा, चप्पल बाहेर काढा, आणि जाताना हॉलचा दरवाजा ओढून घ्या.” सुजाता पाटीसमोर थांबली. तिची बोटं पर्सवर आठ-आठाने वाजू लागली. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. साहेबांना आम्ही ते आजवर सांगितलेलं नाही.

आणि कविता चालेल का, असं मी तेव्हापासून कुणालाच विचारलेलं नाही.