कपाखालची गुलाबी चिठ्ठी
डिंकाचा वास आला की तो खासगी दवाखाना आठवतो. मी तिथे नर्स होते. बीपी डॉक्टर स्वतःच मोजायचे; ते तपासायचं राहिलेल्यांच्या केसपेपरवर डॉक्टरांना आठवण म्हणून गुलाबी चिठ्ठी चिकटवायची. आसगावची एक बाई धानाच्या रोवणीनं गुडघे धरले म्हणून दोनदा आली; दोन्ही वेळा मी चिठ्ठी लावली, तरी तिचं बीपी मोजलंच गेलं नाही. पुढे बीपी वाढून तिला लकवा मारला. नवरा जाब विचारायला आला, तर डॉक्टर शांतपणे म्हणाले, "सिस्टरनं मला आठवणच करून दिली नाही." त्यांच्या चहाच्या कपाखाली केसपेपरवरून काढलेली माझीच चिठ्ठी भिजत होती, शाई फुटलेली. नवरा माझ्याकडे वळला, "बाई, तुमच्यावर त भरोसा होता." डॉक्टरांनी पुढचा पेशंट बोलावला. आता दुसऱ्या दवाखान्यात मी चिठ्ठी लावत नाही. डॉक्टरांसमोरच पेशंटला मोठ्यानं सांगते, "बीपी मोजल्याबिगर उठू नोका."