विम्यातली पेटी

हे मी यांना सांगितलं नाही, मुलांना नाही, माहेरी तर नाहीच. आता हे राहिले नाहीत, म्हणून मला धीर आला असं समजू नका. धीर मला तेव्हाही होता — नको तितका होता. बोलले नाही, इतकंच.

मी यांची दुसरी बायको. हे जव्हार संस्थानात कारकून. पहिली बाळंतपणात गेली, आणि तिचं वर्षश्राद्ध होतं न होतं तोच मी उंबरठा ओलांडून आत आले. घरात तिची पेटी होती. शिसवी लाकडाची, पितळी पट्ट्या ठोकलेली. आत तिची लुगडी, तिचा आरसा, तिची कुंकवाची करंडी. रोज आंघोळ झाली की मी ती पेटी ओल्या फडक्यानं पुसायची आणि वर एक फूल ठेवायचं. एकदा फूल राहिलं, तर हे पानावरून उठले. रागावले नाहीत, बरं का. नुसते उठले. रागावले असते तर बरं नसतं का झालं?

मला तिचा राग होता? मेलेल्या बाईचा? होता. खोटं कशाला बोलू.

मग यांची मोखाड्याला बदली झाली. तेव्हा जव्हारच्या बाजारात एक हुंडेकरी होता. लोकांचं सामान गाड्यांनी पोचवायचा, आणि वर थोडं जास्त दिलं की त्याचा विमा घ्यायचा. म्हणजे विम्यातली वस्तू वाटेत गेली, तर तिची किंमत तो भरून देणार. त्याचा मुनीम आमच्या ओटीवर येऊन बसला. मी दाराआड उभी. यांनी पेटी दाखवली आणि म्हणाले, "हिचा विमा घ्या. बाकी सामान तसंच जाऊ दे."

मुनीम भला माणूस. त्यानं विचारलं, "आणि वहिनींचं काही?"

"तिचं काय आहे विम्यात घालण्यासारखं?" हे म्हणाले. चेष्टेनंही नाही. अगदी सहज.

होतं की माझं. आईनं गवतात गुंडाळून दिलेल्या चिनी मातीच्या बरण्या होत्या. मी होते. — पण हे मी कारण म्हणून सांगत नाही. कारणं सगळ्यांकडे असतात.

हे आदल्या दिवशीच घोड्यावरून पुढे गेले. जाताना मला एकच सांगून गेले — गाडी कलली तर आधी पेटी धर. गाडीवान होता साखरशेतचा लखमा. गाडी त्याची, बैल त्याचे. भाताची कापणी उरकली की तो हुंडेकऱ्याची भाडी मारायचा. पेटीखाली माझीच गादी घातलेली. लखम्यानं पेटी दोरानं आवळली, गाठ मारली, ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. आणि मी? मी मागून चालत, एक हात पेटीवर ठेवून.

बरंच चालल्यावर लखमा मागे वळून म्हणाला, "बाय, गाडीव बस ना. पेटी काय पलून जाते?"

मी हसले. त्या घरात आल्यापासून अशी मोकळी हसले नव्हते. हे लक्षात ठेवा — ज्या माणसानं मला हसवलं, त्याच्याबद्दल मी बोलते आहे.

घाटाच्या उतारावर एका वळणाशी त्यानं गाडी थांबवली. चाकाला धोंडा लावला, बैल सोडले आणि त्यांना पाणी दाखवायला खाली झऱ्याकडे घेऊन गेला. मी एकटी. एका बाजूला दरी, वाळलेलं पिवळं गवत, आणि समोर ती पेटी — गादीवर बसलेली. हो, बसलेलीच वाटली मला.

मी गाठ सोडली. घट्ट होती, नखं दुखली, एक तुटलं. मग खांदा लावला आणि ढकलली. पहिल्या खडकावर झाकण उघडलं. एक हिरवं लुगडं वाऱ्यावर पसरलं आणि झुडपांत अडकून राहिलं. बाकी सगळं खाली, दिसेनासं झालं.

घाबरले का? नाही. सुटल्यासारखं वाटलं. आज तोच उतार, तीच पेटी समोर आणा — मी पुन्हा ढकलीन. याची मला लाज नाही, आणि तुम्ही लाज धरा म्हणालात तरी धरणार नाही.

पण गोष्ट इथं संपत नाही ना. संपली असती तर मी इतकी वर्षं गप्प कशाला बसले असते?

लखमा बैल घेऊन वर आला, तेव्हा मी म्हटलं, गाठ सुटली, पेटी दरीत गेली. मोखाड्यात यांच्यासमोर, जव्हारहून आलेल्या मुनिमासमोर लखमा हात जोडून उभा राहिला. "साहेब, गाठ मीच मारलती. ती आपोआप नाय सुटं." एवढं बोलून त्यानं माझ्याकडे पाहिलं. आरोप नव्हता त्या नजरेत. त्याला वाटलं, बाय खरं सांगेल.

मी म्हणाले, "दोर सैलच होता. मी पाहिलं होतं."

कुणी मला विचारलंसुद्धा नव्हतं. मी आपणहून म्हणाले. गप्प राहिले असते तर निदान भित्री ठरले असते. मी भित्री नव्हते.

हुंडेकऱ्यानं यांना विम्याची भरपाई दिली, आणि ती वसूल करायला लखम्याचा एक बैल ओढून नेला. एका बैलावर गाडी चालत नाही, नांगर चालत नाही. त्यानं उरलेलाही विकला असं पुढे कळलं.

यांनी त्या भरपाईचं काय केलं, सांगू? रिकाम्या कोपऱ्याकडे बघत हे बरेच दिवस बसून असत. मग एक दिवस नाशकाला गेले आणि माझ्यासाठी सोन्याच्या पाटल्या घेऊन आले. मला पहिल्यांदाच नावानं हाक मारून त्यांनी त्या स्वतः माझ्या हातात चढवल्या. त्यानंतर आमचा संसार चांगला झाला. तेही खरंच आहे. त्या पाटल्या कुठून आल्या ते मला माहीत होतं, आणि मी त्या मिरवल्या.

पुढे एकदा मोखाड्याच्या बाजारात लखमा दिसला. डोक्यावर सरपणाची मोळी. मला पाहून वाट सोडून बाजूला झाला.

"बरी हाय का, बाय?"

मी म्हटलं, "बरी आहे."

तू कसा आहेस, हे विचारलं नाही. हातही पदराखाली घेतले नाहीत. त्यानं पाटल्यांकडे पाहिलं, मोळी सावरली आणि चालू लागला. मी पुढे होऊन वालाच्या शेंगा घेतल्या, निवडून, घासाघीस करून, आणि घरी आले.