मोबाईलनं काढून दिलेली तारीख

माझी धाकटी जाऊ समीक्षा सोमाटण्याच्या एका ऑफिसात पाळीचं अ‍ॅप तपासते. पुढची पाळी कधी येणार ते अ‍ॅप सांगतं, आणि ते खरं सांगतंय की थापा मारतंय हे बघायचा हिला पगार मिळतो. हे आमच्या गावात, बेडश्यात, कळलं तेव्हा आमच्या सासूबाईंनी, कस्तुराबाईंनी, तोंडाला पदर लावला होता. पगार सुरू झाला तसा पदर खाली आला.

तपासायला ती स्वतःच्या खऱ्या तारखा त्यात टाकते, शिवाय खोट्या बायकाही भरायला लागतात. समीक्षा त्यांना गावातलीच नावं द्यायची. भातलावणीच्या चिखलात पाळी चुकलेली सावित्राबाई, जत्रेसाठी गोळी खाऊन ती पुढे ढकललेली उज्ज्वला. एक राजेश्वरीही होती, ती मी. माझी पिशवी काढलेली आहे. अ‍ॅपला त्याचा पत्ताच नाही. ते आपलं सारखं विचारतंय, "राजेश्वरी, पाळी लांबली का?" समीक्षानं ही चूक दाखवली तर साहेब म्हणाला, अशा बायका आपलं अ‍ॅप वापरत नाहीत. ही म्हणाली, "मग पहिल्याच पानावर लिहा ना सर, अशा बायकांनी इकडे फिरकू नये." जीभ ही अशी. मला त्या जिभेसाठीच ती आवडते.

यंदा तिचं आणि माझ्या धाकट्या दिराचं, संदेशचं, नवीन घर उभं राहिलं. त्याच्या भिंतीत दोघांचा पगार आहे. वास्तुशांतीला गुरुजींनी दोन मुहूर्त काढून दिले. सासूबाई म्हणाल्या, "तुज्या मोबाईलला इचार, त्यातला कुटला मोकळा हाय."

"आत्या, मोबाईल चुकतो. चुकतो म्हणून तर मला नोकरी आहे."

सासूबाईंना ते पटेना. ज्याच्यावर पगार मिळतो ती वस्तू खोटं कशाला बोलेल? त्यांनी स्वतः मोबाईलमध्ये हिची तारीख बघून घेतली, पहिला मुहूर्त धरला आणि वर म्हणाल्या, "तरीबी गोळी घे. पक्कं व्हईल."

"गोळी घेतली तर मी तपासू काय? आणि माझं अंग आहे ते, बंद करायला नळ नाही."

पूजेच्या दिवशी सकाळी मांडव पाहुण्यांनी भरला. समीक्षा हिरवं लुगडं नेसून स्वयंपाकघरात आली. गप्प राहिली असती तर कुत्र्यालाही कळलं नसतं. पण ती सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "आत्या, अडचण आली. मोबाईल चुकला."

सासूबाईंचा चेहरा उतरला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू कडंला बस गं समीक्षा. थोरला श्रीपती आन राजेश्वरी बसत्याल पाटावर. राजेश्वरीला कसली आलीय अडचण, तिची पिशवीच काढल्याली हाय."

ऑपरेशन झाल्यापासून हेच चाललंय. कुणाच्याही घरी ऐनवेळी अडचण आली की हाक मला. लोकांना वाटतं, केवढा मान! रक्त जाऊन जाऊन जीव जायची वेळ आली होती म्हणून मी कापून घेतलं, ते कुणी विचारत नाही. त्या दिवशी माझं डोकंच फिरलं.

"मी न्हाई बसणार," मी म्हणाले. "घर तिचं हाय. मला कापलं तवा मी चोख झाले व्हय? आन जे कापलं न्हाई, ते घिऊन ही बाटली? तुमची तीन लेकरं त्याच विटाळातनं आलीत आत्या. त्यास्नीबी काढा मग मांडवाभाईर."

बाहेरून गुरुजी ओरडले, "जोडपं पाठवा, वेळ होतेय!" दाराशी संदेश उभा होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. तो एवढंच म्हणाला, "चल समीक्षा."

समीक्षानं मोबाईल काढला, उभ्या उभ्या काहीतरी लिहिलं. "आजचा अंदाज चुकला, ऑफिसला कळवलं," म्हणाली, आणि मोबाईल सासूबाईंच्या हातात दिला. "धरा जरा आत्या. मी पूजेला बसते."

आणि बसली. सासूबाई मोबाईल छातीशी धरून दारातच उभ्या राहिल्या.

गुरुजींनी उपरण्याची आणि पदराची गाठ बांधायला नणंदेला बोलावलं. आमची तेजल आईकडे बघत जागची हलेना. म्हणून मी पुढे झाले आणि गाठ मारली. जरा जास्तच घट्ट मारली.